दोन तारका आणि एक प्रत्यय

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत अलीकडे एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. ग्रामसभेची सूचना येते, शाळेचे निवेदन येते, कांद्याच्या खतांची माहिती येते, आणि मजकुरात मध्येच दोन-दोन तारका, ओळीच्या सुरुवातीला तीन हॅश अशी चिन्हे सांडलेली असतात. वाचणाऱ्याला वाटते, फोन बिघडला. बिघडलेले काहीच नसते. बहुतेक वेळा तो मजकूर चॅटबॉटकडून लिहून घेतलेला असतो, आणि चॅटबॉट ज्या खुणा वापरतात त्या सगळ्याच व्हॉट्सॲपला कळत नाहीत. या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. ती शिकायला एक दुपार पुरते. मराठीत ती नीट चालवायची तर मात्र थोडे अधिक समजून घ्यावे लागते, आणि ते अधिकचे सहसा कोणी सांगत नाही.

उदाहरणाला सुपा घेऊ. पारनेर तालुक्यातले, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीमुळे दूरवर माहीत झालेले गाव. या गावाची माहिती इंटरनेटवर ठेवण्यासाठी लिहायची आहे असे समजा. मार्कडाउनमध्ये ती अशी लिहिली जाईल:

# सुपा

**सुपा** हे पारनेर तालुक्यातले गाव आहे.

## जवळची ठिकाणे

- पारनेर: सेनापती बापट यांचे जन्मगाव
- निघोज: कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे
- [राळेगणसिद्धी](इथे पानाचा पत्ता): पाणलोटाचे काम

एक हॅश म्हणजे मुख्य मथळा, दोन म्हणजे पोटमथळा. हॅशनंतर एक जागा मोकळी सोडायची. ती सोडली नाही तर बऱ्याच ठिकाणी मथळा होत नाही. दोन-दोन तारकांच्या मधला शब्द ठळक होतो. ओळीच्या आरंभी आडवी रेघ आणि मोकळी जागा दिली की यादीतला एक मुद्दा तयार होतो. चौकटी कंसात दिसायचा शब्द आणि त्याला चिकटून गोल कंसात पत्ता दिला की दुवा होतो. ओळीच्या सुरुवातीला उजवीकडे टोक असलेली कोनखूण टाकली की तो मजकूर अवतरण म्हणून वेगळा दिसतो. रोजच्या लिखाणाला एवढे पुरते. यातले काहीही रूपांतरित न करता, आहे तसे वाचले तरी कळते, आणि या पद्धतीचा जीव तिथेच आहे.

व्हॉट्सॲपशी घोळ होतो तो तारकांच्या संख्येमुळे. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षराला दोन्ही बाजूंना एकेक तारका लागते. मार्कडाउनमध्ये एकेक तारका दिली तर अक्षर तिरपे होते, ठळक व्हायला दोन-दोन लागतात. चॅटबॉटचा मजकूर गटात टाकण्यापूर्वी दोन तारकांची एक करायची आणि हॅश काढून टाकायचे, एवढे केले तरी सूचना स्वच्छ दिसते. आडव्या रेघेच्या आणि क्रमांकाच्या याद्या व्हॉट्सॲपलाही २०२४पासून समजतात.

मार्कडाउन जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने २००४मध्ये प्रसिद्ध केले; रचनेत त्याला ॲरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरची मदत झाली होती. इंटरनेटवरचे पान एचटीएमएलमध्ये असते, आणि त्यात प्रत्येक परिच्छेदाला, प्रत्येक ठळक शब्दाला कोनकंसातली खूण उघडावी आणि मिटवावी लागते. लिहिणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या खुणांकडे जाते. ग्रुबरने ईमेलमध्ये लोक आपापसात आधीपासून वापरत असलेल्या सवयी घेतल्या, म्हणजे जोर द्यायला तारका आणि मुद्द्यांना रेघ, आणि त्यांचे एचटीएमएल करून देणारा छोटा प्रोग्राम पर्ल भाषेत लिहिला. पुढे प्रत्येकाने आपापली आवृत्ती काढल्यावर तोच मजकूर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसू लागला. म्हणून २०१४मध्ये कॉमनमार्क नावाचा काटेकोर नियमसंच आला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. आज बहुतेक ठिकाणचे मार्कडाउन या नियमांच्या आसपास चालते.

मजकुरातच खुणा करून पुढच्याला सूचना देण्याची रीत आपल्याकडच्या छापखान्यांतही होती. मुद्रितशोधक शब्दाखाली नागमोडी रेघ ओढायचा आणि जुळारी तो शब्द ठळक खिळ्यांत जुळवायचा. लिहिणारा काय हवे ते सांगे, ते कसे दिसेल हे पुढच्या हातावर सोपवी. मार्कडाउनमध्ये हा पुढचा हात संगणकाचा.

मराठी लिहिणाऱ्याने साध्या मजकुराचा आग्रह का धरावा, याला आपल्याकडे एक जास्तीचे कारण आहे. युनिकोड सर्रास होण्यापूर्वी आपण वर्षानुवर्षे अशा फॉन्टांत लिहिले, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले होते. फॉन्ट जवळ असेपर्यंत मराठी दिसायची. संगणक बदलला, फॉन्ट राहिला नाही, की त्याच फाइलीत रोमन अक्षरांची निरर्थक माळ उरायची. स्मरणिका, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल असे कितीतरी लिखाण आज असे अडकून पडले आहे, आणि ते सोडवायला परिवर्तक वापरून पुन्हा ओळ न् ओळ तपासावी लागते. युनिकोडमधल्या साध्या मजकुराला अमुकच फॉन्ट किंवा अमुकच सॉफ्टवेअर लागत नाही. त्यात मथळा कुठला आणि यादी कुठली हेही टिकवायचे असेल, तर खुणा मजकुरातच असलेल्या बऱ्या. सुप्याच्या माहितीची ती फाइल फोनवरच्या साध्यात साध्या नोंदवहीतही उघडेल.

आता मराठीतल्या अडचणी. पहिली कळफलकाची. सरकारी परीक्षांपासून कार्यालयांपर्यंत चालणाऱ्या इनस्क्रिप्ट मांडणीत मार्कडाउनची जवळजवळ सगळी चिन्हे देवनागरीने व्यापलेली आहेत. हॅशच्या कळीवर रफाराचा जोडीदार ‘्र’ आहे, तारकेच्या कळीवर ‘श्र’, डाव्या चौकटी कंसावर ‘ड’, अंडरस्कोरवर विसर्ग, अवतरणाच्या कोनखुणेवर दंड. शाबूत राहतात ती आडवी रेघ, गोल कंस आणि टिंब. म्हणजे याद्या करता येतात, पण मथळा आणि ठळक शब्द यांसाठी कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबले की तो बदलतो. बोटांना हीच एक सवय लावावी. सोपा मार्ग असा की आधी सगळा मजकूर सलग मराठीत लिहून काढावा आणि खुणा शेवटी एका फेरीत घालाव्यात. विचारही तुटत नाही. फोनवर ही अडचण फारशी नाही, चिन्हांचे पान एका टिचकीवर असते.

दुसरी अडचण आकड्यांची. क्रमांकांची यादी करायला आकडा, टिंब आणि मोकळी जागा असे लिहायचे असते, पण कॉमनमार्कच्या नियमात आकडा म्हणजे फक्त 0 ते 9. ‘१.’ लिहिले तर तो साधा मजकूर समजला जातो आणि मुद्दे एकाच परिच्छेदात एकापाठोपाठ जाऊन बसतात. यादी हवी असेल तर ‘1.’ लिहावे लागते. पानावर मात्र ते देवनागरीत दाखवता येतात: पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीचे क्रमांक देवनागरी करण्याची सोय आहे. ती सोय आहे हेच फार थोड्यांना माहीत असते, म्हणून मराठी संकेतस्थळांवर मजकुरात मराठी आकडे आणि यादीत इंग्रजी असे चित्र दिसते. या नियमाचा एक फायदाही आपल्याला मिळतो. इंग्रजीत परिच्छेदाच्या आरंभी साल आणि टिंब आले तर नकळत यादी सुरू होते. देवनागरी साल लिहिणाऱ्याला तो धोका नाही.

तिरप्या अक्षरांचा मोह मराठीत टाळावा. रोमन लिपीत तिरप्या अक्षराला स्वतंत्र वळण आहे. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तसे वळण केलेलेच नसते, मग ब्राउझर सरळ अक्षर नुसते कलते करतो, आणि शिरोरेषेखाली ते अवघडलेले दिसते. जोर द्यायचा तर ठळक करावे, पुस्तकाच्या नावाला अवतरणचिन्हे द्यावीत.

ओळ मोडण्याचेही सांगायला हवे. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर दाबून ओळ बदलली तरी पानावर ती मागच्या ओळीला जोडली जाते. नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक ओळ कोरी सोडावी लागते. ओव्या, अभंग किंवा टपालाचा पत्ता लिहिताना प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात. त्या दिसत नाहीत, पण ओळ तिथेच मोडते.

सगळ्यात खोल अडचण मात्र विभक्तीची. इंग्रजीत शब्द संपला की मोकळी जागा येते, आणि मार्कडाउनचे नियम ती गृहीत धरून बांधलेले आहेत. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो. **सुप्या**तले असे लिहिले तर काम होते, ‘सुप्या’ ठळक होते. तारकांऐवजी अंडरस्कोर वापरून _सुप्या_तले लिहिले तर काहीच होत नाही. अंडरस्कोर शब्दाच्या मध्ये आला तर त्याला खूण मानायचे नाही असा नियम आहे, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या नावांमध्ये तो नेहमी येतो. म्हणून मराठीत अंडरस्कोर वापरूच नये. पण तारकाही कधी फसतात. **सुपा (पारनेर)**मधले असे लिहून पाहा: तारका जशाच्या तशा पानावर उमटतात. मिटवणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर त्यांच्या नंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्हच हवे असा कॉमनमार्कचा नियम आहे. आधी कंस मिटलेला आणि नंतर ‘म’ आल्यामुळे संगणक त्या तारकांना मिटवणाऱ्या मानत नाही. शब्दाला अवतरणचिन्हे असतील तरी हेच होते. उपाय म्हणजे प्रत्यय तारकांच्या आत घ्यायचा: **सुपा (पारनेर)मधले**. दिसायला किंचित कमी नेमके, पण चालते.

हे असेच असायला हवे असे नाही, आणि त्याचा पुरावा मराठीतच आहे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथल्या खुणा वेगळ्या: ठळक करायला दोन्ही बाजूंना तीन-तीन अपॉस्ट्रॉफी, मथळ्याला दुहेरी बरोबरचिन्हे, दुव्याला दुहेरी चौकटी कंस. पण त्या खुणांना मराठी शिकवली गेली आहे. [[पारनेर]]च्या असे लिहिले की कंसाबाहेरचा ‘च्या’देखील दुव्यात सामावतो, कारण मराठीसाठी देवनागरी प्रत्यय ओळखण्याचा नियम तिथल्या प्रणालीत घातलेला आहे. सामान्यरूप बदलत असेल तर उभ्या रेघेची सोय आहे: [[सुपा|सुप्या]]त. आत लेखाचे नाव, बाहेर वाक्यात शोभणारे रूप. पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातही एक सुपे आहे, मयूरेश्वर अभयारण्याजवळचे. दोन्हींचे ‘सुप्यात’ सारखेच होते, आणि वाचक नेमक्या गावी पोहोचतो तो रेघेच्या डावीकडच्या नावामुळे. आज्ञाही मराठीत आहेत, वर्ग, चित्र, साचा. नवख्याने सराव करायच्या पानाला तिथे धूळपाटी म्हणतात, आणि त्यावर काहीही खरडून पाहिले तरी कुठल्या लेखाला धक्का लागत नाही. खुणा शिकायच्या असतील तर मी पहिल्यांदा तिकडेच बोट दाखवेन.

मार्कडाउनसाठीही हे काम होऊ शकते. कॉमनमार्कचे नियम खुल्या चर्चेत घडतात. शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडणाऱ्या चिनी आणि जपानी लेखकांनी तारकांची हीच अडचण तिथे मांडलेली आहे. मराठीचे उदाहरण त्यांच्या उदाहरणाला बळ देणारे आहे, कारण आपण मोकळ्या जागा सोडतो, तरीही प्रत्ययामुळे अडखळतो. त्यासाठी लांबलचक निवेदन लागत नाही. **सुपा (पारनेर)**मधले ही एक ओळ, ती पानावर कशी दिसते आणि कशी दिसायला हवी, एवढे तिथे नोंदवले की पुरे.