घारापुरीची जलयात्रा

समुद्रप्रवास म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे भव्य आगबोटी आणि दूरदूरचे देश उभे राहतात. असा प्रवास सर्वांनाच परवडतो असे नाही. परंतु एका दिवसात, थोडक्या खर्चात सागराची ओळख करून घ्यावयाची असेल, तर मुंबईच्या अपोलो बंदरावरून घारापुरीस जावे. अंतर सुमारे 10 किलोमीटर. वेळ सुमारे एक तास.

गेटवे ऑफ इंडिया या कमानीजवळील धक्क्यावर लाँच लागलेल्या असतात. लाँचमध्ये चढतानाच प्रवाशाला जाणवते, की पायांखालचा आधार आता स्थिर नाही. लाटेसरशी लाँच वर उचलली जाते आणि क्षणार्धात खाली जाते. म्हणून घाई न करता, खलाशाने पुढे केलेला हात धरून पाऊल टाकावे.

लाँच सुटली की किनारा हळूहळू मागे सरतो. नांगरलेली मालवाहू जहाजे डोंगरासारखी भासतात. वाटेत जवाहर द्वीप लागते. तेथे तेलवाहू जहाजे रिकामी केली जातात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे लाँचमागून उडत येतात.

कित्येकांना या प्रवासात मळमळू लागते. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, की शरीर हलत आहे; डोळ्यांना मात्र समोरचे बाक स्थिर दिसते. या विसंवादाने मेंदू गोंधळतो. अशा वेळी दूरच्या क्षितिजाकडे पाहावे, म्हणजे बरे वाटते. वरच्या मजल्यावर हेलकावे अधिक बसतात. म्हणून त्रास होणाऱ्याने खाली, मध्यभागी बसावे.

घारापुरीस उतरल्यावर बऱ्याच पायऱ्या चढून लेण्यांत जावे लागते. एकाच खडकातून कोरलेली तेथील त्रिमुखी शिवमूर्ती पाहताच सारा शीण नाहीसा होतो. 1987 साली या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सोमवारी लेणी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे. परतीची शेवटची लाँचही चुकवून चालत नाही.

हा प्रवास लहान खरा. पण समुद्र लहान नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट वादळी लाटांत सापडली. बोट कलताच भयभीत प्रवासी एका बाजूस लोटले गेले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. रेवस तर मुंबईपासून अगदी जवळचे बंदर! जवळचा प्रवास म्हणून समुद्र कोणाची गय करीत नाही.

त्या दुर्घटनेत एक शास्त्रीय सत्य दडलेले आहे. भार दोन्ही बाजूंस सारखा असेल तोवर नौका लाटेवर तरते. सारे एकाच बाजूस गेले की तिचा तोल ढळतो. म्हणून कितीही मनोहर दृश्य दिसले तरी सर्वांनी एका कठड्याकडे धाव घेऊ नये. जीवरक्षक जाकीट अंगात घालावे, आणि तांडेलाची सूचना तत्काळ पाळावी. वारा वाढल्यामुळे लाँच सोडण्यास त्याने नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. समुद्र त्याने जन्मभर पाहिलेला असतो.

नौकेत प्रत्येकाचे वागणे सर्वांचे भवितव्य ठरविते. थोडक्या पैशांत मिळणारा हा धडा फार मोलाचा आहे.