खडबडीत वावर आणि भुईलगतचा वारा

खळ्यावर धान्य उपणणारा तिवईवर कां चढतो, असा प्रश्न कोणीं विचारल्यास आपण शेतकरी हंसूं. वर वारा लागतो, खालीं लागत नाहीं, हें उत्तर ठरलेलें. परंतु खालीं तो कां लागत नाहीं, याचा विचार आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें केला नव्हता. आणि त्याबद्दल आम्हांस दंडही भरावा लागला.

महसुलाची चाकरी संपल्यावर आम्हीं अनसिंगच्या शिवारांतील वडिलार्जित जमीन स्वतः पाहावयास घेतली. पहिल्याच उन्हाळ्यांत नांगरट होतांच रोटाव्हेटर फिरवून वावर तळहातासारखें सपाट व बारीक करून घेतलें. पूर्वेकडील धुऱ्यापलीकडच्या काकांनीं ढेकळें तशींच ठेविलीं होतीं. तो आळस समजून आम्ही मनांत हंसलों. वैशाखांत पश्चिमेचा वारा सुटला. आमच्या वावरांतून धुळीचे लोट उठले आणि त्यांतील बरीच माती काकांच्या ढेकळांच्या फटींत जाऊन बसली. सातबाऱ्यावर आमचें क्षेत्र एक गुंठाही कमी झालें नाहीं. माती मात्र शेजाऱ्याच्या खातीं जमा झाली!

याचें कारण असें. भुईस अगदीं चिकटलेली हवा जवळजवळ स्थिर असते. जसजसें वर जावें तसतसा वेग वाढतो. पृष्ठभागालगतच्या या मंद थराचें शास्त्र लुडविग प्रांटल या जर्मन पंडितानें १९०४ सालीं हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेंत मांडलें. जमीन गुळगुळीत असली म्हणजे जोराचा वारा मातीच्या कणांच्या अगदीं जवळ येऊन पोंचतो. ढेकळें, वरंबे किंवा धसकटें असलीं म्हणजे त्याचा जोर त्यांवर आदळून तेथेंच खर्चीं पडतो. वर भोंवरे उठतात खरे, परंतु ढेकळांच्या मधल्या जागेंत हवा निवांत राहते.

हवामानशास्त्राच्या रीतीप्रमाणें वारा १० मीटर उंचीवर मोजतात. तेथें तो ताशीं २० किलोमीटर असल्यास, बारीक केलेल्या उघड्या वावरावर भुईपासून १० सेंटिमीटरांवर तो हिशेबानें ताशीं १० किलोमीटरांच्या आसपास भरतो. मुठीएवढ्या ढेकळांच्या वावरावर तेवढ्याच उंचीस तो ७ हूनही कमी भरतो. वाऱ्यानें उडणारे कण साधारणतः १ मिलिमीटरहून लहान असतात, आणि आम्हीं तर सर्व वावराचे तसेच कण करून ठेविले होते. एका एकरावरून १ मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी तो सुमारें ४ घनमीटर, म्हणजे अदमासें ५ टन होतो. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मैदानांत अवर्षण आणि उघडी पडलेली जमीन एकत्र आलीं, तेव्हां धुळीच्या वादळांनीं हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं.

मात्र एकटेंदुकटें ढेकूळ उपयोगाचें नाहीं. त्याच्या दोन्ही कुशींनीं वारा वळसा घेऊन तेथील मातीच उकरतो. ढेकळें दाट व सर्वत्र सारखीं असावीं.

यावरून वाचकबंधूंस आमचें सांगणें इतकेंच. उन्हाळी नांगरटीचीं ढेकळें पावसापर्यंत फोडूं नयेत. आपल्या काळ्या मातीचीं ढेकळें पहिल्या पावसांत आपणच विरघळतात, मग पेरणीपूर्वीं वखर पुरे होतो. धसकटें जाळूं नयेत. तास वाऱ्यास आडवे असावेत; परंतु वावर उताराचें असल्यास समतल रेषेचा मान पहिला, वाऱ्याचा दुसरा, कारण आपल्याकडे पाणी हें वाऱ्याहून अधिक माती नेतें.

पुढील उन्हाळ्यांत आम्हींही ढेकळें राखलीं आणि धूळ पुष्कळच बसली. गेलेली माती काकांकडून परत मागण्याची तरतूद, इतकीं वर्षें कागद चाळूनही, आम्हांस कोणत्याही कायद्यांत आढळली नाहीं. राहिलेली राखणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.