पाठ, पात्र आणि विद्यार्थी



आरंभी एक कबुली देतो. प्राध्यापक होण्यापूर्वी मी काही वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे. स्नेहसंमेलनाच्या नाटकात बोलण्याची कामे मी शुद्ध उच्चारांच्या मुलांना देई. घरी वारली बोलणाऱ्या एका मुलाला मी झाड केले होते. हातात फांद्या धरून तो शेवटपर्यंत निमूट उभा राहिला. आजचा विषय मला त्या चुकीने शिकविला.

साहित्याच्या अध्यापनात नाट्य आणावयाचे म्हणजे संवाद पाठ करून घ्यावयाचे, असा आपला समज असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपली गद्य भाषणे आयत्या वेळी रचून करीत. कथा नटाला ठाऊक असे. त्या क्षणी काय बोलावे, हे मात्र त्याचे त्यानेच ठरवावयाचे. वर्गात आपल्याला हवे आहे ते नेमके हेच.

एक उदाहरण देतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहावयास जाण्याचे भय वाटणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठविते. निवृत्तीनंतर इथल्याच एका वर्गात हा प्रसंग वाचताना, आईने हात उगारण्याच्या आधी मी पुस्तक मिटले. एका मुलाला श्याम केले, एका मुलीला आई. श्यामने न जाण्याची कारणे सांगावीत, आईने निर्णय घ्यावा. वेळ दोन मिनिटे, भाषा घरची चालेल. मुलगी आपल्या बोलीत तावातावाने बोलली आणि एकाएकी थांबली. वर्गाने विचारले, ‘मारले का नाहीस?’ ती म्हणाली, मारले तर तो माझ्यापासून दूर जाईल. न मारले तर पाण्याला जन्मभर भिईल.

मग आम्ही पुस्तक उघडले. आईच्या स्वभावाविषयीच्या प्रश्नाला वर्षानुवर्षे ‘कडक पण प्रेमळ’ हे ठरीव उत्तर येत असे. त्या दिवशी मुलांनी आईची अडचण लिहिली, आणि तीही प्रमाण मराठीत.

या पद्धतीचे टप्पे साधे आहेत. निर्णय व्हावयाचा आहे असा क्षण निवडावा. मुलांना पात्राच्या जागी उभे करावे. इतरांनी त्या पात्राला प्रश्न विचारावेत. शेवटी मूळ पाठाकडे परतून लेखकाने काय केले आणि कोणत्या शब्दांत, हे ताडून पाहावे. हा शेवटचा टप्पा गाळला, तर उरते ती केवळ करमणूक. एका तासिकेत हे सारे बसते. त्यासाठी पडदा लागत नाही, पोशाख लागत नाही.

बोलीला वर्गात मोकळीक दिली तर प्रमाण भाषा बिघडेल, अशी शंका शिक्षक व पालक बोलून दाखवितात. या शंकेचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले कार्य पुढे कोसबाडला बहरले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाकडे शाळेने चालत जावे, हा त्यातला धडा. सिल्वाशाच्या वर्गात वारली, गुजराती, हिंदी आणि मराठी एकाच बाकावर बसतात. मुलाने घरच्या शब्दांत पात्राशी नाते जोडले, की पुस्तकाचे शब्द त्याला परके राहत नाहीत. बोली ही प्रमाण भाषेकडे जाण्याची पायवाट आहे.

ही पद्धत प्रत्येक पाठाला लागू पडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. काही कविता शांतपणे ऐकावयाच्याच असतात. एखादे मूल उभे राहण्यास तयार नसेल, तर त्याला प्रश्न विचारणाऱ्यांत बसू द्यावे. सक्तीने कोणी मोकळे होत नाही.

तो झाड झालेला मुलगा आज साठीच्या पुढे असेल. त्याला काय बोलावयाचे होते, हे मी तेव्हा विचारले नाही. तुमच्या वर्गात असे एखादे झाड उभे असेल, तर उद्याच्या तासाला त्याला एक प्रश्न जरूर विचारा.