'फुकट' उपचारांचा हिशेब

आपल्या शाळेतील अनेक कॅडेट सैनिकांच्या घरचे आहेत. "फौजीला दवाखाना फुकट" हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते कितपत खरे आहे, हे मला गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीत कळले.

माझे आजोबा निवृत्त हवालदार. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. बाबा ड्यूटीवर, लष्करी रुग्णालय दूर पुण्यात. काकांनी त्यांना जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. आजोबा वाचले. बिल झाले १,१८,००० रुपये.

फौजी कुटुंबासमोर उपचारांची तीन दारे असतात.

पहिले, लष्करी रुग्णालय. तेथील डॉक्टर व नर्स सरकारी पगारावर असतात, औषधे सरकारी असतात. खर्च होतोच, पण तो संरक्षण खात्याच्या तिजोरीतून. म्हणून सेवेतील सैनिक आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या हाती बिल पडत नाही.

दुसरे, माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ई.सी.एच.एस. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची. २०१७ च्या आदेशाप्रमाणे हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. वयाची अट नाही, उपचारांच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. पॉलिक्लिनिकने चिठ्ठी दिली की योजनेच्या यादीतील खासगी रुग्णालयात रोख न भरता उपचार होतात.

तिसरे, यादीबाहेरचे रुग्णालय. तातडीच्या वेळी तेथे जाता येते, पण पॉलिक्लिनिकला दोन दिवसांत कळवावे लागते. बिल आधी आपण भरायचे. नंतर पैसे मिळतात ते सरकारने ठरवलेल्या दराने. वरचा फरक आपला.

आजोबांना पाच महिन्यांनी ७१,००० मिळाले. उरलेले ४७,००० आजीने घराच्या पत्र्यांसाठी साठवलेल्या पैशांतून गेले. पुढे कळले, यादीतले एक रुग्णालय त्याच रस्त्यावर थोडे पुढे होते. आजोबांचे कार्डही पेटीत कुलूपबंद होते.

जीव धोक्यात असेल तर जवळचेच रुग्णालय गाठावे, पैशांचा विचार नंतर. पण कोणते रुग्णालय यादीत आहे, हे आधीच ठाऊक असायला काहीच खर्च येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पॉलिक्लिनिकचा फोन नंबर आणि जवळच्या यादीतील रुग्णालयांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली. कार्ड आता आजीच्या पिशवीत असते. या सुट्टीत तुम्हीही आपल्या घरी एवढे करा.