शिरजोर कोणाला म्हणावे?

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात सभेच्या इतिवृत्तातल्या एका शब्दावरून चांगला दोन तास वाद रंगला. एका सभासदाने दुसऱ्याच्या जागेत गाडी लावली आणि वर त्याच्याविरुद्धच तक्रार केली. सचिवांनी लिहिले, 'सदर सभासदाने उद्धट वर्तन केले.' सभासद शांतपणे म्हणाला, ''मी आवाजसुद्धा चढवला नाही, मग उद्धट कसा?'' शब्दापुरते त्याचे म्हणणे खरे होते.

उद्धटचे मूळ संस्कृत 'उद्धत', म्हणजे वर उचललेला. हा दोष बोलण्यात दिसतो आणि बहुधा खालून वर जातो. 'मुलाने मास्तरांना उद्धट उत्तर दिले' हे वाक्य कानाला बरोबर लागते. साहेब शिपायावर खेकसला तर त्याला आपण सहसा उद्धट म्हणत नाही. तो मग्रूर, गुर्मीत असलेला. शब्द निवडताना कोण कुठे उभा आहे, हे आधी पाहावे लागते.

वाशी स्टेशनबाहेर मीटरने यायला नकार देणारा रिक्षावाला वर्तमानपत्रात हमखास 'मुजोर' होतो. हा शब्द 'मुँहजोर'मधून आला. मुळात लगामाला न जुमानणारा, तोंडाचा घट्ट घोडा. 'उद्दाम'मध्येही दाम म्हणजे दावे आहे, ते तोडून सुटलेला तो उद्दाम. माजावर तर गाय-म्हैस येते. मराठीने अपमानाचे निम्मे शब्द तबेल्यातून आणि गोठ्यातून उचललेले दिसतात! म्हणूनच मुजोरी मोडून काढतात आणि माज उतरवतात. मात्र माज यायला जवळ काहीतरी लागते: पैसा, सत्ता, रूप. रिकाम्या खिशाने मुजोरी करता येते, माज करणे अवघड.

आगाऊ त्या मानाने सौम्य. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणारे आगाऊ पोर, दोघेही वेळेच्या आधी पुढे आलेले. 'धार्ष्ट्य' हा शब्द 'धृष्ट'पासून बनला. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाचे जे चार प्रकार सांगतात, त्यांतला एक धृष्ट: अपराधाच्या खुणा अंगावर घेऊन निर्लज्जपणे प्रियेसमोर उभा राहणारा. छापताना मात्र या शब्दाचा रफार नको तिथे सरकतो आणि 'धाष्टर्य' होते. आगाऊपणा आणि धार्ष्ट्य हे दोन्ही स्वतःबद्दल विनयाने वापरता येतात. 'आपल्याला सुचवण्याचे धार्ष्ट्य करतो' असे पत्रात लिहिता येते. 'आपल्याला सुचवण्याची मुजोरी करतो' असे लिहून पाहा.

या शहरात आणखी एक घोटाळा होतो. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. बाहेरून आलेल्या आम्हा लोकांना गावातली आगरी माणसे सुरुवातीला उद्धट वाटली, कारण ती सरसकट 'तू' म्हणत. आदरार्थी बहुवचनाचे त्या बोलीला फारसे वेड नाही. 'ये, बस, पानी पी' म्हणणाऱ्या आजीच्या मनात अनादर कुठला? उलट 'अहो, तुम्हाला कळतं का?' या वाक्यात आदरार्थी रूप शाबूत असते आणि उर्मटपणाही.

तर आमच्या इतिवृत्ताला हवा होता तो शब्द म्हणीतच बसला होता: चोर तो चोर, वर शिरजोर. फारसी 'सरजोर'मधला सर मराठीने आपल्या 'शिरा'त बसवून घेतला. उद्धट व्हायला आधी गुन्हा लागत नाही, शिरजोर व्हायला लागतो. आवाज चढवायची गरज मात्र नाही. सचिवांनी पहिले वाक्य खोडून लिहिले, 'सदर सभासदाने चूक करून वर शीरजोरी केली.'

सभासदाने निमूट सही केली. जाता जाता फक्त एवढेच सुचवले, की 'शिरजोरी'तला शि ऱ्हस्व लिहायचा असतो.