इसब आणि काष्ठौषधी : काय लावावे, काय टाळावे

हैदराबादच्या बेगम बाजारात हळद, मिरची, सुकामेवा, भांडी व पूजासाहित्य यांच्या घाऊक दुकानांबरोबरच काष्ठौषधींचीही दुकाने आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात समाविष्ट होता. त्यामुळे नांदेड-परभणीकडील व्यापाऱ्यांना आणि कुटुंबांना ही पेठ अपरिचित नाही. घरात कोणाला सतत खाज सुटत असेल, तर इतर खरेदीबरोबर कडुनिंबाची पूड, बावची किंवा बिब्बा यांची एखादी पुडी पिशवीत पडते. पुडी देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु विकार न ओळखता केलेला उपचार दुःख वाढवितो, आणि रात्रभर अंग खाजवणारे मूल व त्याच्या उशाशी जागणारी आई यांना त्याची झळ सर्वांत अधिक पोहोचते.

इसब म्हणजे काय?

त्वचेचा बाह्य थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना होय. इसब असलेल्या व्यक्तीच्या त्वचेत हा चुना अपुरा पडतो. आतील ओलावा निघून जातो, बाहेरील साबण, धूळ, घाम व जंतू आत शिरतात आणि त्वचेचा दाह होतो. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते व खाज आणखी वाढते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली असे दाखवून दिले की, 'फिलाग्रिन' नावाचे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकातील दोष हे या दुर्बलतेचे एक महत्त्वाचे आनुवंशिक कारण आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. इसब हा संसर्गजन्य रोग नव्हे. त्या मुलाला वेगळे बसविण्याचे कारण नाही. तसेच "इसब दाबला की दमा होतो" हा समजही बरोबर नाही. दोन्ही विकार एकाच प्रकृतीच्या मुलांत आढळू शकतात, परंतु त्वचेवर उपचार केल्याने दमा उद्भवत नाही.

गोल कडा असलेला, पसरत जाणारा नायटा बुरशीमुळे होतो. घरातील अनेकांना रात्री एकदम खाज सुटत असेल, तर ती खरूज असण्याचा संभव असतो. या दोन्ही विकारांचे उपचार निराळे आहेत.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

बिब्बा 'उततो' हे आपल्या आजीला ठाऊक होते. परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर अशा खुणांच्या जागी पुरळ उठल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. बावची लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. गाजर गवतही निसर्गाचेच. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम आढळले आणि त्याच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाचे पुण्यातील रुग्ण १९७४ साली जगाच्या वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले.

हळद आणि कडुनिंब यांविषयी आपल्या मनात आदर आहे व तो योग्यही आहे. तथापि, फुटलेल्या, ओल्या त्वचेवर त्यांचा सुका लेप दिल्यास आग होते, त्वचा अधिक कोरडी पडते. काहींना हळदीचीच ॲलर्जी असते. मोहरीचे तेल त्वचेच्या भिंतीला अपायकारक ठरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. डाळीच्या पिठाने किंवा उटण्याने चोळणेही इसबाच्या त्वचेस सोसत नाही.

घरी काय करावे?

खरा घरगुती उपाय साधा आहे : भिंतीतील चुना रोज भरावा. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत स्नान उरकावे. साबण बेताचा व सौम्य असावा. अंग न चोळता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा सुगंधरहित, दाट मलम लावावे. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल हे खनिज तेलापेक्षा अधिक गुणकारी आढळले. ओट्सचे बारीक पीठ कोमट पाण्यात कालवून त्याने स्नान घातल्यासही खाज शमते.

चट्ट्यातून पाणी येत असेल, तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून, त्यात भिजविलेली स्वच्छ सुती पट्टी दहा मिनिटे ठेवावी. मुलांची नखे कापलेली असावीत, कपडे सुती व सैल असावेत. मिरची, लसूण, मसाले किंवा भांडी घासण्याची पावडर हाताळणाऱ्यांनी सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालावेत. हाताचा इसब पुष्कळदा कामाच्या जिन्नसांमुळेच होतो.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

पिवळी खपली, पू, ताप किंवा वेदना देणारे फोड दिसल्यास एक दिवसही दवडू नये. नाव नसलेल्या पुडीने वा मलमाने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंद मानण्यापूर्वी शंका घ्यावी. अशा औषधात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. असे मलम चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते व नायटा असल्यास तो फोफावतो. म्हणूनच केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध घातले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मुदतीपुरते वापरलेले स्टेरॉइड मात्र भिण्यासारखे नाही.

बेगम बाजारापासून जवळच, मुसी नदीच्या काठी, उस्मानिया रुग्णालय आहे. मराठवाड्यात नांदेड, लातूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोगांवर उपचार होतात. बाजारातून खोबरेल तेल अवश्य आणावे. पण पुडी सोडण्यापूर्वी मुलाची त्वचा एकदा डॉक्टरांना दाखवावी. नेमके निदान झाले आणि त्वचेची शुश्रूषा रोज नेमाने चालू राहिली, म्हणजे मूल शांत झोपेल आणि त्याच्या आईलाही झोप लाभेल.