ओला पुरावा, कागदी पिशवी

घरफोडी झाली की आपण आधी विस्कटलेले कपाट आवरायला घेतो. शेजारीपाजारीही आत डोकावून जातात. मग ठसेतज्ज्ञ येतो, तेव्हा चोराच्या ठशांवर आपलेच ठसे उमटलेले असतात!

घटनास्थळी आधी छायाचित्रे, मग मोजमापे आणि त्यानंतरच वस्तू उचलली जाते. रक्ताने भिजलेला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला, तर बुरशी धरते, डीएनए खराब होतो. म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पिशवीत घालतात, पंचांसमोर सील करतात. पिशवी पुढे कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद ठेवतात. त्यातला एक दुवा तुटला, तरी संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो.

१ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पण तो पोहोचेपर्यंतची राखण आपल्याच हाती! तेव्हा श्रोतेहो, दार लोटून घ्या, कशालाही हात लावू नका.